गोल्फ, कंबर आणि ऑस्टिओपॅथी : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता, सरे
ऑफिसच्या निमित्ताने गोल्फ गळ्यात पडला आणि मग आवडायलाच लागला, असे ब्रिटनमधले मराठी लोक आता बरेच आहेत. खेळ दिसायला अगदी सभ्य. पळापळ नाही, धक्काबुक्की नाही. तरी आमच्या क्लबात राउंड संपला की चहाच्या टेबलावर स्कोअरपेक्षा कंबरेच्या गोष्टी जास्त रंगतात, आणि कुणीतरी म्हणतंच, "माझ्या ऑस्टिओपॅथकडे जाऊन बघ." ऑस्टिओपॅथ म्हणजे सांधे-स्नायूंवर हाताने उपचार करणारा. तुम्ही गेला असाल तर लिहा. गुण आला नसेल तर आवर्जून लिहा. क्लिनिकांची नावं मात्र नकोत.

सुरुवात मी करतो. मी उजव्या हाताने खेळतो. दुखायचं कंबरेत, उजवीकडे खाली. ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या काठीने) मारलं की जास्तच. ऑस्टिओपॅथ बाईंनी कंबरेला हात लावायच्या आधी मला पालथं झोपवलं, गुडघे काटकोनात वाकवले आणि दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला पडू दिली. उजवं पाऊल छान खाली गेलं, डावं अर्ध्यावरच अडकलं. म्हणाल्या, दुखतंय कंबरेत, पण चोर डाव्या खुब्यात बसलाय. चेंडू मारताना सगळं शरीर डाव्या पायावर वळतं. खुबा वळला नाही तर ते वळण खालच्या मणक्यांवर येतं, आणि ते मणके वाकण्यासाठी आहेत, फिरण्याची सोय तिथे फार थोडी. मग "पाय माझ्या हातावर दाबा, आता सैल सोडा" असं करत करत त्यांनी खुबा मोकळा केला. घरचा व्यायाम दिला तो भयंकर कंटाळवाणा आहे. पण चुकवला की पुढच्या शनिवारी कंबर हजेरी लावतेच.

शंकेखोर, रेडिंग
एकदा गेलो, ५०-६० पौंड दिले, दोन दिवस हलकं वाटलं, तिसऱ्या दिवशी जैसे थे. मग जरा वाचलं. इथल्या 'नाइस'चं (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं) २०१६ चं कंबरदुखीचं मार्गदर्शन सांगतं, की हाताने केलेले उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यायचे, एकटे नाहीत. मला व्यायाम कुणी दिलाच नव्हता. "पुढच्या आठवड्यात या" एवढंच. शिवाय मान-कवटीवर बोटं ठेवून आतली लय ओळखण्याचा जो प्रकार काही जण करतात, त्याला ठोस पुरावा नाही. तिथून मी सरळ उठून येईन.

मूळची ठाण्याची, मँचेस्टर (ऑस्टिओपॅथ)
शंकेखोर, तुमच्याशी मी सहमत आहे. व्यायाम न देणारा ऑस्टिओपॅथ बदलावा. इथे १९९३ च्या कायद्याने हा नोंदणीकृत व्यवसाय झाला. जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या यादीत नाव नसेल तर स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणं गुन्हा आहे. ती यादी सगळ्यांसाठी खुली आहे, आधी बघून घ्या.

तो 'कट्ट' आवाज म्हणजे हाड जागेवर बसलं, असं पेशंट घरी जाऊन सांगतात. हाड कुठेही गेलेलं नसतं. सांध्यातल्या द्रवाचा दाब झटकन कमी होऊन वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो आवाज. स्नायू सैलावतात, दुखणं थोडा वेळ उतरतं. त्या सवडीत हालचाल परत मिळवायची असते, ते काम पेशंटचं.

गोल्फवाल्यांना मी स्टुलावर बसवते, हात छातीवर घडी करून दोन्हीकडे वळायला सांगते. बैठं काम करणाऱ्यांची पाठ बरगड्यांच्या पातळीलाच आखडलेली असते. वरून वळण मिळत नाही म्हणून ते खालून ओढून घेतात. कोपराचंही एक सांगते. 'गोल्फर्स एल्बो' आतल्या बाजूचं दुखणं, पण उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे ज्याला 'टेनिस एल्बो' म्हणतात तिथे, दुखणारेही माझ्याकडे भरपूर येतात. ग्रिप घट्ट आवळणं आणि चेंडूआधी जमिनीवर क्लब (गोल्फची काठी) आपटणं, ही नेहमीची कारणं. त्यावर मालिशपेक्षा हळूहळू वाढवत नेलेलं वजन जास्त उपयोगी पडतं.

डोंबिवली ते लेस्टर
माझा अनुभव कडू आहे. क्लब जमिनीत रुतला आणि डाव्या तळहातात, करंगळीच्या बाजूला, कळ गेली. एका ऑस्टिओपॅथने मनगट 'मोकळं' करायला घेतलं. क्लबचं टोक टेकतं नेमकं तिथेच दाबलं की डोळ्यांपुढे काजवे. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही, म्हणून तो उपचार चालूच. शेवटी जीपीच्या (इथल्या फॅमिली डॉक्टरच्या) मागे लागून सीटी करून घेतला, तर मनगटातल्या हॅमेट नावाच्या हाडाचा आकडा तुटलेला. गोल्फ आणि क्रिकेट खेळणाऱ्यांत ही जागा ठरलेली, आणि साध्या एक्स-रेत ती हमखास हुकते. करंगळीला मुंग्या येत असतील किंवा पकड सुटत असेल तर आधी हाताच्या डॉक्टरकडे जा.

मँचेस्टर पुन्हा
बरोबर. तसंच बरगडीचं. नव्याने खेळायला लागलेले लोक रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बादल्याच्या बादल्या चेंडू मारतात आणि पाठीत खांद्याच्या फऱ्याजवळ दुखतं म्हणून येतात. स्नायू आखडलाय असंच वाटतं, असते मात्र बरगडीची बारीक चीर. खोल श्वास घेताना किंवा खोकताना टोचत असेल तर मी तिथे जोर लावत नाही, तपासायला पाठवते. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, लघवीवरचा ताबा जाणं, पाय लुळा पडणं, यांतलं काही असेल तर माझी वेळ घेण्याआधी थेट इस्पितळ गाठा.

न्यू जर्सीकर
अमेरिकेतल्यांसाठी एक खुलासा. अँड्रू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीत पहिलं कॉलेज काढलं, उगम इथलाच. पण इथे 'डीओ' (ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेला) म्हणजे पूर्ण डॉक्टर. औषधं देतो, ऑपरेशन करतो. माझ्या फॅमिली डॉक्टर डीओच आहेत. गोल्फची कंबर दाखवली तर त्यांनी हात न लावता फिजिओकडे पाठवलं! हाताने उपचार करणारा हवा असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

येरवड्याची आजी
लहानपणी कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायचे. आमच्या वाड्यात एक काकू पायाळू होत्या, त्यांना भारी मागणी! आता पुण्यात ऑस्टिओपॅथी करणारे भेटतात, पण बहुतेक मूळचे फिजिओथेरपिस्ट. मी ज्याच्याकडे जाते त्या मुलाने उपचारापेक्षा स्विंगच (काठी फिरवण्याची ढब) बघितला. म्हणाला, "आजी, मागे वळताना डावी टाच उचलू द्या." हल्ली टीव्हीवरचे खेळाडू कंबर रोखून फक्त खांदे पिळतात, तेच आम्हाला शिकवलं होतं. जुने लोक टाच उचलून अख्खं शरीर फिरवायचे. चेंडू थोडा कमी जातो, जाऊ दे. टायगर वूड्ससारख्याच्या पाठीचे मणके २०१७ मध्ये जोडावे लागले, मी कोण! होलमधून चेंडू काढतानाही एक हात पटरवर (चेंडू होलमध्ये ढकलायच्या काठीवर) टेकवायचा आणि एक पाय मागे उचलायचा. बगळ्यासारखी दिसते, पण कंबर वाकत नाही.

कॅडी होतो, आता शिकवतो (पुणे)
आजी, खेळणाऱ्यांचं झालं, आम्हा बॅगा वाहणाऱ्या कॅडींचंही लिहितो. भरलेली बॅग बारा-पंधरा किलोची, आणि अठरा होल चालायचे. पोरं एकाच खांद्यावर पट्टा टाकतात. वर्षानुवर्षं तोच खांदा. आमच्यातल्या कित्येकांचा एक खांदा खाली उतरलेला दिसेल. ऑस्टिओपॅथ आम्हाला परवडत नाही. मी पोरांना सांगतो, दोन पट्ट्यांची बॅग मागा, नाहीतर दर होलला खांदा बदला. मेंबरांना सांगतो, ट्रॉली मागे ओढू नका, पुढे ढकला. आणि पार्किंगमधून थेट पहिल्या टीवर (फटका सुरू करायच्या जागी) जाऊन ड्रायव्हर काढू नका. आधी वेजने (जवळच्या फटक्याच्या काठीने) अर्धे स्विंग, मग मधला आयर्न (मध्यम पल्ल्याची काठी), ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. दहा मिनिटं लागतात. सकाळी सहाच्या थंडीत हे कुणी करत नाही, आणि तिसऱ्या होलला "अरे, जरा पाठ दाब" म्हणतात.

धागाकर्ता, सरे
सगळ्यांचे आभार. व्यनितून एकाने विचारलंय, डावखुऱ्यांनी काय करायचं?

मँचेस्टर
सगळं उलट करून वाचा, खुबा उजवा धरा. आणि कंबरेसाठी गेलात, तरी कुणी न विचारता मान झटक्याने वळवायला लागलं तर थांबवा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका फार क्वचित असतो, पण असतो. संमती घेतल्याशिवाय ते करायचं नसतं.