मदत हवी आहे: सानरेमोचा विजेता नको म्हणाला तर युरोव्हिजनला कोण?

मंडळी, इटलीच्या सानरेमो गाण्यांच्या महोत्सवाचा नाद असलेलं इथे कुणी आहे का? विजेत्याला युरोव्हिजनला, म्हणजे देशादेशांतल्या युरोपियन गाण्यांच्या स्पर्धेला, जायचा पहिला मान, पण सक्ती नाही, इतकं कळलंय. २०१६ ला स्टाडिओ बँडने नकार दिला, फ्रान्चेस्का मिकिएलिन गेली. २०२५ ला ऑली नको म्हणाला, लुचो कोर्सी गेला. दोघंही सानरेमोत दुसरे आलेले! मग हा लेखी नियम आहे, की राय या इटलीच्या सरकारी वाहिनीची मर्जी? शिवाय युरोव्हिजनला गाणं तीन मिनिटांत बसवावं लागतं. ती कात्री कोण लावतं, गायक की वाहिनी? नियमावली इंग्रजीत कुठे मिळेल? इटालियन येत नाही, आणि निकाल लागेपर्यंत आपल्याकडे दूधवाला येऊन जातो.