‘महिलांचे प्रतिनिधित्व’ म्हणजे नक्की कोणाचं, कोणी केलेलं?

ऐरोलीहून

राज्यशास्त्रातल्या एमएच्या प्रबंधिकेचा मराठी सारांश लिहिते आहे. विषय: ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांतल्या महिला सदस्य. पहिल्याच वाक्यावर अडले आहे. मी लिहिलं होतं, ‘पन्नास टक्के आरक्षणामुळे महिलांचे प्रतिनिधित्व वाढले.’ मार्गदर्शक बाईंनी खाली रेघ ओढून एवढंच विचारलं, ‘कोणतं?’

ठाण्यात १३१ पैकी ६६ आणि नवी मुंबईत १११ पैकी ५६ जागा महिलांसाठी राखीव आहेत. मग वाढलंच ना? अभ्यासक यात प्रकार करतात, ते मला माहीत आहे. राजकीय विचारवंत हॅना पिटकिन यांनी १९६७ मध्ये प्रतिनिधित्वाचे चार अर्थ सांगितले. त्यांतल्या दोहोंसाठी ‘वर्णनात्मक’ (प्रतिनिधी लोकांसारखेच असणं) आणि ‘सारभूत’ (प्रतिनिधींनी लोकांच्या हिताचं काम करणं) हे शब्द मी वापरले. आईला वाचून दाखवलं तर तिला ‘वर्णनात्मक’ म्हणजे शाळेतला निबंध आठवला. याहून बरे शब्द कोणी सुचवेल का?

नौपाडा, ठाणे

तुमच्या बाईंनी अगदी योग्य जागी रेघ ओढली. गोंधळ ‘प्रतिनिधित्व’ या शब्दात कमी आणि त्याआधीच्या ‘चे’ मध्ये जास्त आहे.

‘देवाची भक्ती’ आणि ‘मीरेची भक्ती’ ही दोन रूपं शेजारी ठेवून पाहा. प्रत्यय एकच. पण देवाची भक्ती कोणीतरी दुसरं करतं आणि मीरेची भक्ती मीरा स्वतः करते. व्याकरणात एकीला कर्मणि षष्ठी म्हणतात, दुसरीला कर्तरि षष्ठी. ‘आईची आठवण’ तर दोन्हींकडे झुकते: आई आठवते तीही, आणि आईने सांगितलेलीही.

‘महिलांचे प्रतिनिधित्व’ हे असंच दुतोंडी आहे. महिला प्रतिनिधी झाल्या, हा एक अर्थ. महिलांची बाजू कोणीतरी मांडली, हा दुसरा, आणि तो मांडणारा पुरुषही असू शकतो. वर्तमानपत्रं पहिला अर्थ छापतात आणि वाचणाऱ्याला नकळत दुसराही मिळाल्यासारखा वाटतो. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या, ही पहिल्या अर्थाची गोष्ट. त्या आकड्यावरून दुसऱ्या अर्थाचं काहीच कळत नाही.

जड विशेषणं शोधू नका. पहिल्यासाठी ‘सभागृहातली महिलांची उपस्थिती’ म्हणा. दुसऱ्यासाठी आपल्याकडे ‘वतीने’ हा सुरेख शब्द आहे: ‘महिलांच्या वतीने केलेलं काम’. ‘वतीने’ म्हटलं की कोण, कोणासाठी, हे सांगावंच लागतं.

नेरूळहून

नौपाड्याच्या काकांचा मुद्दा पटला. पण उपस्थितीचा आणि ‘वतीने’चा संबंधच नाही, असा अर्थ कोणी काढू नये. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींवरचा अभ्यास २००४ मध्ये आला. प्रमुखपद महिलेसाठी राखीव असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं होतं, आणि पाण्याची मागणी बायकाच अधिक करत होत्या. कोणती पंचायत राखीव हे नशिबाने ठरलेलं, म्हणून ही तुलना धरता येते.

यावरून एक विचारते. आमच्याकडे आरक्षणाची सोडत निघून वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की सगळे म्हणतात, ‘वॉर्ड लेडीज पडला.’ प्रबंधिकेत हे कसं लिहायचं?

नौपाडा, ठाणे

मुलाखतीत आलं असेल तर आहे तसंच लिहा, त्याला हात लावू नका! ‘पडला’ या क्रियापदात बरंच काही आहे. दुष्काळ पडतो, दरोडा पडतो, तसं आरक्षणही ‘पडतं’. ज्याची पाच वर्षांची तयारी वाया गेली त्या पुरुष इच्छुकाच्या बाजूने बनलेलं हे वाक्य आहे. जिला संधी मिळाली ती ‘वॉर्ड मला मिळाला’ म्हणेल, पण चौकात ऐकू येतं ते त्याचंच. पुढच्या खेपेला तोच वॉर्ड ‘खुला झाला’, म्हणजे जणू मधली पाच वर्षं कुलूप होतं.

आणि गंमत नाही, हीच सोडत संशोधकाला हवी असते, कारण चिठ्ठी पक्षाचंही ऐकत नाही आणि मतदाराचंही. शेजारच्या मुंबईत रिखिल भवनानी यांनी तेच पाहिलं. अभ्यास २००९ चा. १९९७ ला महिलांसाठी राखीव असलेले आणि २००२ ला खुले झालेले वॉर्ड त्यांनी घेतले, शेजारी दोन्ही वेळा खुले असलेले ठेवले. आधी राखीव असलेल्या वॉर्डांत महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. आरक्षण उठल्यावरही काही उरतं ते असं.

कळव्याहून

‘नगरसेविका’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे. ‘आमदार आल्या’, ‘महापौर बोलल्या’ हे आपण सहज म्हणतो, क्रियापद लिंग सांभाळतं. मग ‘नगरसेवक आल्या’ का नको? ‘सेवक’ला ‘सेविका’ केलं की मनात अंगणवाडी सेविका येते, मानधनावर राबणारी, आणि पदाचा अधिकार मागे पडतो. माझी आत्या एका महापालिकेत निवडून आली होती. फलकावर तिच्या नावाशेजारी तिच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या काकांचा, फोटो तिच्याहून मोठा असायचा, आणि लोक काकांनाच ‘नगरसेवक’ म्हणायचे. पद तिचं, शब्द त्यांचा. अजून राग येतो.

खारघरहून

एक छोटी सूचना. आकड्यांसाठी ‘लिंगनिहाय’ चालेल, पण कारणं सांगताना ‘लिंगभाव’ लिहा, म्हणजे बाईने-पुरुषाने कसं वागावं याची समाजाने ठरवलेली चौकट. आत्याचा फलक हे लिंगभावाचंच उदाहरण. तो ‘लिंगनिहाय’ तक्त्यात कधीच दिसणार नाही.

ऐरोलीहून

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं बदललं: ‘आरक्षणामुळे सभागृहातली महिलांची उपस्थिती वाढली; महिला सदस्य महिलांच्या वतीने सभेत काय बोलल्या, हे इतिवृत्तांवरून तपासले आहे.’ ‘पडला’ मुलाखतींत तसाच ठेवते आहे. ‘नगरसेवक आल्या’ लिहायला हात अजून कचरतो, पण तळटीप देऊन लिहीन.

आईला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी तिने लगेच विचारलं, ‘मग आपल्या वॉर्डाच्या बाई काय बोलल्या होत्या?’ मला सांगता आलं नाही. सोमवारी बेलापूरला मुख्यालयात जाऊन आधी तेच इतिवृत्त मागणार आहे.