घर्षण नसलेल्या दोन उतारांत सळई आडवी का बसत नाही?

अकरावी_लातूर: डावा उतार 60 अंशांचा, उजवा 30 अंशांचा, खाली काटकोनात मिळतात. घर्षण शून्य. 2 किलोची, 1 मीटर लांब एकसमान सळई दोन्हीकडं एकेक टोक टेकवून ठेवली. सळई आडवी धरून लामीचं प्रमेय (तीन बलांच्या समतोलाचं सूत्र) लावलं तर नॉर्मल, म्हणजे उताराचा लंब दिशेतला रेटा, डावीकडं 9.8 न्यूटन आणि उजवीकडं 17 येतो. पण टॉर्क (बलाचा फिरवणारा परिणाम) काही केल्या जुळत नाही.

उदगीरकर: आकडे बरोबर आहेत, सळई आडवी धरलीस तिथं घोळ झाला. 17 चा उभा घटक 14.7, आणि 9.8 चा फक्त 4.9. मध्यापासून दोन्ही टोकं अर्ध्या मीटरवर, मग टॉर्क जुळणार कसा?

टोकांपाशी त्या-त्या उताराला लंब काढ. सळईला नाही, निम्मी पोरं इथंच फसतात. ते लंब जिथं छेदतात तिथूनच वजनाची रेषा जायला पाहिजे, तरच टॉर्क शून्य. कोपरा, दोन टोकं आणि छेदबिंदू मिळून आयत होतो, सळई त्याचा एक कर्ण. दुसरा कर्ण उभा हवा, म्हणजे सळईचा मध्य कोपऱ्याच्या बरोबर वर, अर्ध्या मीटरवर. मग सळई आडव्याशी 30 अंशांत येते: 60 च्या उतारावरचं टोक कोपऱ्यापासून 75 सेंमी उंच, दुसरं 25.

अकरावी_लातूर: जुळलं सर! दोन काचा जोडून प्रदर्शनात ठेवता येईल का?

नांदेड_प्रयोगशाळा: ठेव, पण हा समतोल अस्थिर आहे. उतार काटकोनात असल्यानं मध्य कोपऱ्याभोवती अर्ध्या मीटरच्या वर्तुळावर फिरतो आणि समतोलाची जागा नेमकी त्याच्या माथ्यावर येते. हलवलं की मध्य खालीच जाणार. कोनीय त्वरण (3g/2L) sin φ. φ म्हणजे मध्य उभ्या रेषेपासून किती सरकला तो कोन, g गुरुत्वीय त्वरण, L सळईची लांबी. 1 अंश कलवून सोडली तर सेकंदाभरात 20 अंशांच्या पुढं.

काचेवर सळई स्थिर राहिलीच, तर ती घर्षणानं. तीन-चार अंश सरकवून सोडून बघ. तिथंही थांबली तर ते प्रश्नातलं उत्तर नव्हे.

परभणी_बीएस्सी: त्याच काचेवर गोटी सोडली तर? घर्षण नसताना घरंगळेल का?

उदगीरकर: नाही, नुसती घसरेल. नॉर्मल आणि वजन दोन्ही केंद्रातून जातात, फिरवायला टॉर्कच नाही. 30 अंशांवर त्वरण 4.9 मी/से². न घसरता घरंगळली तर त्याचे 5/7, म्हणजे 3.5, त्यासाठी घर्षणांक निदान 0.165 हवा.