भंगारातल्या मियाटाचा गिअरबॉक्स जॅकशिवाय कसा उतरवायचा?

दोनसीटर

मंडळी, मदत हवी आहे. माझ्याकडे १९९३ची मझदा मियाटा आहे, १.६ लिटरवाली (दोन सीटची, उघड्या छपराची, मागच्या चाकांवर चालणारी). गिअरबॉक्सने आता मान टाकली आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की घरघर, दाबला की गप्प. दुसरा गिअर टाकताना दात वाजतात ते वेगळंच. उघडून बेअरिंगं आणि सिंक्रो (गिअर टाकताना दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) बदलत बसण्यापेक्षा दुसरा बॉक्स चढवावा म्हणतोय.

भंगाराच्या यार्डात १९९५ची १.८ मियाटा सापडली आहे. पुढून ठोकलेली, कापडी छप्पर फाटलेलं, पण इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर. तिथला नियम असा की हत्यारं आपली, मेहनत आपली. जॅक आणि ग्राइंडर आत न्यायचा नाही. गाडी रिमा वेल्ड करून केलेल्या स्टँडांवर उभी आहे, खाली उताणं झोपून जेमतेम काम करता येईल.

१.८चा बॉक्स १.६ला बसतो का? आणि जॅक नसताना तो खाली कसा घ्यायचा? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा बॉक्स मी काढला आहे, पण हिच्याखाली वाकून पाहिलं तर गिअरबॉक्सला आधाराचा क्रॉसमेंबरच (खालचा आडवा पट्टा) दिसेना!

गंजलेला_बोल्ट

बसतो. १.८ इंजिन आलं तेव्हा क्लचप्लेट २०० मिमीची २१५ झाली, पण पाच गिअरचा बॉक्स तोच राहिला. फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) आणि क्लच तुमच्या गाडीचेच ठेवा, म्हणजे झालं.

क्रॉसमेंबर दिसला नाही कारण तो नाहीच. या गाडीत गिअरबॉक्सच्या शेपटीपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) ॲल्युमिनियमची एक लांब फ्रेम जाते. पॉवर प्लांट फ्रेम, सगळे पीपीएफ म्हणतात. पुढे इंजिनचे दोन माउंट, मागे डिफरन्शियलचे, आणि मधलं सगळं या फ्रेमच्या जिवावर. चालवायला झकास, काढायला धोक्याची. कारण पीपीएफ सुटली की बॉक्सची शेपटी खाली येते, डिफरन्शियलचं नाकही खाली येतं, आणि त्या वेळी खाली तुम्ही असता. आधार बांधून झाल्याशिवाय तिच्या बोल्टला पाना लावू नका. या धाग्यातलं दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल.

पण त्याआधी तो बॉक्स घ्यायच्या लायकीचा आहे का ते बघा. छप्पर फाटलंय म्हणालात, तिथेच माझे कान टवकारले. यार्डात सगळ्यात आधी कोणीतरी गिअरचा नॉब आणि रबरी बूट उचलून नेतं. मग पावसाचं पाणी सीटवरून टनेलवर (दोन सीटमधला उंचवटा, ज्याच्या खाली बॉक्स असतो) आणि त्या भोकातून थेट बॉक्समध्ये. म्हणून आधी बाजूचा फिलर प्लग सोडून बघा (नेहमी फिलर आधी, ड्रेन सोडून तेल सांडलं आणि फिलर निघालाच नाही तर काय करणार?). तो निघाला की मग ड्रेन. तेल दुधाळ आलं तर हात पुसा आणि दुसरी गाडी शोधा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर असणारच, त्याची काळजी नाही. तेलात पितळी चकाकी फार असेल तर सिंक्रो खाल्लेले आहेत. टणक तुकडे निघाले तर दात गेले.

तेल बघून झालं की एकेक गिअर टाकून खालून प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा फिरणारा दांडा) हाताने फिरवा. न्यूट्रलमध्ये मोकळा फिरला पाहिजे, गिअरमध्ये इंजिनचा अडथळा लागला पाहिजे. स्पार्क प्लग काढून ठेवले तर इंजिनही सोबत फिरतं आणि प्रत्येक गिअर नीट लागतोय का ते कळतं. दुसऱ्याकडे जास्त लक्ष द्या, या बॉक्सचा तो नाजूक कोपरा आहे.

आता जॅकचं. छप्पर फाटलंय हे इथे मात्र आपल्या फायद्याचं. कन्सोल काढा, रबरी बूट सोडा, आतली प्लेट सोडून गिअरची दांडी सरळ वर ओढून काढा. टनेलमध्ये चांगलं हातभर नाही तरी वीतभर भोक मिळतं. दोन्ही दारांच्या उंबऱ्यांवर ओंडके ठेवून त्यांवर एक जाड लाकडी बल्ली आडवी टाका, बरोबर त्या भोकावर. ट्रकवाले माल आवळायला वापरतात तो रॅचेटचा पट्टा भोकातून खाली सोडून बॉक्सच्या शेपटीखालून फिरवून परत वर घ्या आणि बल्लीवर आवळा. बॉक्स आता वरून टांगलेला आहे. बंद छपराच्या गाडीत अशी मोकळी जागा मिळत नाही.

त्यानंतर प्रॉपेलर शाफ्टचे डिफरन्शियलकडचे चार बोल्ट काढा, शाफ्ट मागे ओढा. सायलेन्सरचा पाइप वाटेत येतो. त्याचे नट गंजून एकजीव झालेले असतात, पण ही गाडी परत जोडायची नाही, करवतीने कापा. क्लचचा स्लेव्ह सिलेंडर (पॅडलचा जोर तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा) दोन बोल्टवर असतो, तो काढून बाजूला लटकवा. रिव्हर्स दिव्याची आणि न्यूट्रल स्विचची वायर, स्पीडोमीटरची केबल. पीपीएफवर वायरिंगच्या क्लिपा असतात त्याही सोडा, नाहीतर फ्रेम उतरते आणि वायरी ताणल्या जातात.

मग पीपीएफ. डिफरन्शियलच्या नाकाखाली ठोकळा रचा. तिकडचे बोल्ट लांब असतात आणि एकात आतून धातूची बाही असते. बोल्ट हातात आला तरी बाही भोकात घट्ट बसलेली असते. ती टॉमीने (पहारीसारख्या लोखंडी दांड्याने) सरकवल्याशिवाय फ्रेम सुटत नाही. लोक इथे हातोडा घेऊन फ्रेमवर तुटून पडतात. ॲल्युमिनियम आहे ते, वाकलं तर तुमच्या कामाचं राहत नाही, आणि ही फ्रेम बॉक्ससोबत घेऊन जाण्यासारखी आहे.

घाईतला_गणू

एवढा उपद्व्याप कशाला? यार्डात इंजिन उचलायची क्रेन असेल तर इंजिन-गिअरबॉक्स एकत्र वर काढा आणि जमिनीवर वेगळे करा. बेल हाउसिंगचे (बॉक्सचा इंजिनला जोडलेला घंटेसारखा भाग) वरचे बोल्ट उभ्याने हाताला येतात.

गंजलेला_बोल्ट

क्रेन असेल तर उत्तम, पण रेडिएटर, नळ्या, वायरिंग, सगळंच सोडावं लागतं. आणि पीपीएफ तरीही काढावीच लागते! फक्त बॉक्स हवा असेल तर मी खालूनच जाईन.

पाना_सतरा

बोल्टदादांनी वरच्या बोल्टांबद्दल लिहिलंच नाही, खरा घाम तिथेच निघतो. पीपीएफ निघाल्यावर रॅचेटचा पट्टा हळूहळू सैल करा. शेपटी खाली आली की इंजिन मागे कलतं आणि बेल हाउसिंगच्या वर फट पडते. मग एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत, टोकाला युनिव्हर्सल जॉइंट लावून, सॉकेट मागून पुढे बॉक्सच्या वरून न्यायचा. रॅचेट तुमच्या हातात शेपटीपाशी आणि सॉकेट पार पुढे. स्टार्टरचा वरचा बोल्टही असाच निघतो. जास्त कलवू नका. १.६ आणि जुन्या १.८ला इंजिनच्या हेडच्या मागे कॅम सेन्सर असतो, तो फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) आपटतो. तुम्हाला तो नको असेल, पण तुमच्यानंतर येणाऱ्याला हवा असू शकतो.

शाफ्ट ओढल्यावर शेपटीतून उरलंसुरलं तेल थेट तुमच्या शर्टाच्या बाहीत येतं. प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड जवळ ठेवा. डोळ्यांवर गॉगल हवाच, वरून गंज पडत राहतो.

शेवटचा बोल्ट काढण्याआधी माणूस बोलवा, दादा. बॉक्स साधारण ३५ किलोचा आहे. तो दोन डॉवेल पिनांवर बसलेला असतो, सरळ मागे ओढायचा. अर्धवट ओढून इनपुट शाफ्टवर (क्लचमध्ये शिरणारा पुढचा दांडा) लटकत सोडू नका. बाहेर काढायला यार्डात पडलेलं जुनं बॉनेट घ्या, उलटं टाका, त्यावर बॉक्स ठेवून ओढत न्या.

दोनसीटर

पट्ट्याची युक्ती भारीच! आता एक शंका. त्याच यार्डात पुढच्या पिढीची सहा गिअरवाली पण आहे. हात काळे करणारच आहोत तर तोच घ्यावा का? हायवेला इंजिन जरा शांत चाललं तर बरं.

गंजलेला_बोल्ट

त्यासाठी घेत असाल तर नका घेऊ. तुमच्या पाचव्याचा रेशो (प्रॉपेलर शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे फेरे) ०.८१४ आणि त्या बॉक्सच्या सहाव्याचा ०.८४३. म्हणजे तुमचंच डिफरन्शियल ठेवलंत तर हायवेला इंजिन आणखी जोरात फिरेल. मझदाने सहा गिअरसोबत मागच्या डिफरन्शियलचा रेशोही बदलला होता, ते कारण. पहिला गिअर पण ३.७६०चा, तुमचा ३.१३६. सिग्नलला टाकला न टाकला तोच दुसरा मागेल. गिअर जवळजवळ हवे असतील, वळणांच्या रस्त्यावर खेळायचं असेल, तर गोष्ट वेगळी.

१.८चा पाच गिअरवाला दुधाळ निघाला नाही तर तोच आणा. चढवण्याआधी पुढचं-मागचं ऑइल सील, गिअरच्या दांडीचे दोन्ही रबरी बूट आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) बदला. बॉक्स खाली असताना हे काम किरकोळ आहे. गिअर ऑइल ७५डब्ल्यू-९० (जाडी), जीएल-४ (दर्जा). साधारण दोन लिटर लागतं. दांडीच्या वरच्या कप्प्यात थोडं तेल वेगळं घालायचं असतं, ते बहुतेक जण विसरतात आणि मग गिअर खडखडतो म्हणून इथे विचारायला येतात. पीपीएफ आवळताना शेपटी मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीला उचलून धरा, मग १०४ ते १२४ न्यूटन-मीटर. ढिल्या शेपटीवर आवळलीत तर शाफ्टचा कोन चुकतो आणि गाडी थरथरते.

दुसऱ्या गिअरचं काय झालं ते तेल बघितल्यावर इथे टाका.