मदत हवी आहे: वेबसाईटवरचं हलतं चित्र जिफ ठेवू, वेबपी की आणखी काही?

वर्डप्रेसच्या साईटवर दोन गोष्टी टाकायच्या आहेत. एक, कॅमेऱ्याने घेतलेलं ६ सेकंदांचं दृश्य, ८०० × ४५० पिक्सेल. त्याचं जिफ ९ एमबी झालंय. दोन, पारदर्शक पार्श्वभूमीवर फिरणारा लोगो. गडद पानावर त्याला पांढरी किनार दिसते. हाच लोगो ईमेलमध्येही जाणार आहे. कशाला काय वापरू? (जिफ की गिफ हा वाद नको.)

प्रतिसाद १
दृश्यासाठी सरळ एमपी४ करा. जिफच्या एका पॅलेटमध्ये (रंगांच्या यादीत) २५६च रंग मावतात, म्हणून बाकीच्या छटांचा भास ठिपके पेरून केला जातो. जिफचं कॉम्प्रेशन पुन्हापुन्हा येणाऱ्या पिक्सेलांवर जगतं. ठिपक्यांनी तेच मोडतं आणि फाईल फुगते.

एफएफएमपेगमध्ये (व्हिडिओ रूपांतराचं मोफत सॉफ्टवेअर) एच.२६४ (कॉम्प्रेशनची पद्धत), वाययूव्ही४२०पी (रंग साठवण्याची पद्धत), सीआरएफ (दर्जाचा आकडा; जास्त तितकी फाईल लहान) २३ ते २८ ठेवा. लांबी-रुंदी सम आकड्यांत हवी, नाहीतर एन्कोडर अडतो. आवाजाचा ट्रॅक काढा, फास्टस्टार्ट लावा, म्हणजे फाईल पूर्ण उतरायच्या आधीच दृश्य सुरू होतं. व्हिडिओ टॅगमध्ये ऑटोप्ले, म्यूटेड, लूप, प्लेजइनलाइन हे चारही लिहा. म्यूटेड लिहायचं राहिलं तर ब्राउझर आपोआप चालवणार नाही; प्लेजइनलाइन लिहायचं राहिलं तर आयफोनवर दृश्य पूर्ण स्क्रीन व्यापतं. पोस्टर (दृश्य सुरू होण्याआधी दिसणारं स्थिर चित्र) द्याच, कारण लो पॉवर मोडमध्ये आयफोन ऑटोप्ले अडवतो.

प्रतिसाद २
किनारीचं कारण: जिफमधला पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण भरीव. कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल एक्सपोर्टच्या वेळी पांढऱ्यात मिसळतात. लोगोसाठी एपीएनजी (हलतं पीएनजी) किंवा लॉसलेस (दर्जा न गमावणारं) वेबपी, दोन्ही करून जी फाईल लहान होईल ती घ्या. लॉसी (थोडा दर्जा गमावणाऱ्या) वेबपीत रंगांची माहिती निम्म्या रिझोल्यूशनने साठते, त्यामुळे लाल कडा फिसकटतात. सफारीत वेबपी आवृत्ती १४ पासून चालतं. मात्र मूळ पीएनजी फ्रेमांपासून बनवा. हातातलं जिफ वेबपीत बदललंत तर पांढरी किनारही सोबत येईल.

वर्डप्रेसमध्ये टाकताना ‘फुल साइझ’ निवडा. त्याने बनवलेल्या लहान आकारांत बहुधा पहिली फ्रेमच उरते. ‘हलायचं थांबलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

प्रश्नकर्ता
वेबपीने काम झालं. ईमेलसाठी जिफ केलं, फ्रेमचा वेळ १ दिला, तर ते उलट रेंगाळतंय!

प्रतिसाद २
तो आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात असतो. ० किंवा १ दिलं की ब्राउझर ते १० धरतात, म्हणजे सेकंदाला १० फ्रेम. किमान २ द्या; लोगोला ४ ते ६ पुरेत, फाईलही हलकी राहते. ईमेलसाठी जिफच बरं, पण एक्सपोर्ट करताना मॅटचा (कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल ज्यात मिसळतात तो) रंग ईमेलच्या पार्श्वभूमीचाच द्या.

प्रतिसाद ३
एक भर. विंडोजवरचं आउटलुक २०१६ जिफची पहिलीच फ्रेम दाखवतं. तेव्हा लोगो पहिल्या फ्रेममध्ये पूर्ण दिसू द्या, कोऱ्या पडद्यापासून सुरुवात नको.