कडी बाहेरून लागते
‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीचा विषय निघाला की ‘डोक्यावर मोठं माणूस नसलं की मुलं रानटी होतात’ असं म्हटलं जातं. पण विल्यम गोल्डिंगच्या त्या कादंबरीत (१९५४) निर्जन बेटावर अडकलेल्या मुलांना शेवटी सोडवायला येतो तो नौदलाचा अधिकारी, ऐन युद्धातला. म्हणजे मोठी माणसं तिकडे तेच करत होती की! मला तर विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक जास्त भीतीदायक वाटतं. शिकलेली, सज्ञान मंडळी, वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला. त्या खटल्यात आरोपी ठरते ती बेणारे, एक शिक्षिका. तेंडुलकरांनी सुरुवातीलाच तिचं बोट दाराच्या कडीत चिमटवलंय. पुढे ती निघून जायला बघते, तर तेच दार बाहेरून लागलेलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतल्या एक नर्सताई रात्रपाळी करून आल्या, तर ‘लिफ्ट वापरू नका’ सांगायला चौघं गेटवर उभे. पाचवा मजला. एरवी दिवाळीत हीच माणसं फराळाची ताटं घेऊन एकमेकांच्या दारात. मी गॅलरीतून बघत होतो, खाली उतरलो नाही. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच नियम सगळ्यांसाठी म्हणून आला. भाषा मात्र अगदी सभ्य, ‘कृपया सहकार्य करावे’ वगैरे.