‘पेट्रन’ला मराठीत काय म्हणावं? पुरस्कर्ता की आश्रयदाता?

तिरफळ: एका लेखाचा अनुवाद करतेय. वॉशिंग्टनचं राष्ट्रीय आफ्रिकी कला संग्रहालय कलावंतांबरोबरच आफ्रिकी कला-संस्कृतीच्या ‘पेट्रन’ मंडळींचाही गौरव करतं. मी लिहिलं, ‘आफ्रिकी कलेच्या पुरस्कर्त्यांना पुरस्कार’. संपादकांनी समासात विचारलं, ‘पुरस्कार देणारे की घेणारे?’ माझ्या कानाला पुरस्कर्ता म्हणजे कैवार घेणारा. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणतो तसा. चुकतेय का?

सांगलीकर: अजिबात नाही. पुरस् म्हणजे पुढे. पुढे करतो तो पुरस्कर्ता. ‘पक्षपुरस्कृत उमेदवार’ म्हणताना बक्षिसाचा काय संबंध असतो?

कोरा कागद: व्युत्पत्ती बरोबर, पण आज वाचणारा अडखळतो ना! सरळ ‘आश्रयदाते’ लिहा. शाहू महाराज अल्लादिया खाँसाहेबांचे आश्रयदाते, हे आपण लहानपणापासून ऐकतोय.

तिरफळ: आश्रय म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली. शिल्पकार एल अनात्सुईंचं काम बघा. जन्म घानाचा, कर्मभूमी नायजेरियातलं एन्सुक्का. दारूच्या बाटल्यांची झाकणं ठोकून चपटी करायची, तांब्याच्या तारेनं एकमेकांत ओवायची, की भिंतभर झुलणारं भरजरी वस्त्र तयार. २०१५ साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात, त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. त्यांना कोण आश्रय देणार? शिवाय हे संग्रहालय १९६४ साली सुरू झालं ते फ्रेडरिक डग्लस यांच्या एकेकाळच्या घरात. गुलामीतून निसटून तिच्याविरुद्ध आयुष्यभर लढलेला माणूस! तिथे हा शब्द मला लिहवत नाही.

माणदेशी: आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवर, भात्याच्या आतल्या बाजूला, खिळ्यानं ‘सप्रेम भेट’ कोरलंय. खाली देणाऱ्याचं नाव. त्यांना कुणी आश्रयदाते म्हटलं नाही. ‘त्यांचा हात आहे मंडळावर’ म्हणायचे. ‘देणगीदार’ लिहा, ताई.

सांगलीकर: देणगीदार म्हणजे नुसता पैसा. याच संग्रहालयातल्या २९ बेनिन ब्राँझ, म्हणजे आजच्या नायजेरियातल्या जुन्या बेनिन राज्याच्या कलाकृतींची मालकी २०२२ मध्ये नायजेरियाला परत दिली गेली. १८९७ साली इंग्रजांनी केलेली ती लूट. ती परत जावी म्हणून झगडले त्यांनी एक पैसा दिला नसेल, तरी तेही कलेचे पुरस्कर्तेच.

नहरीकाठचा: मुळात ‘आफ्रिकी’ कशाला? ‘हबशी’ हा आपला जुना शब्द आहे. आमचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुनी खडकी, वसवलं मलिक अंबरनं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला, त्यानं शहराला नहरीचं पाणी दिलं. आश्रयदाता म्हणायचं तर त्याला म्हणा.

कोरा कागद: अंबरबद्दल आदर आहेच. पण हबशी म्हणजे हबसाणातला, ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. घानाच्या शिल्पकाराला तो कसा लावणार? आणि आज तो हिणवायलाच वापरतात. शाळेत माझ्या सावळ्या मित्राला त्याच नावानं हाक मारायचे, त्याचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

नहरीकाठचा: हिणवणाऱ्यांच्या हाती शब्द सोडून का द्यायचा? जंजिऱ्याच्या सिद्दींना बखरींत हबशीच म्हटलंय.

माणदेशी: सिद्दी हा शब्द ‘सय्यदी’वरून आला म्हणतात. म्हणजे मूळ मानाचाच.

तिरफळ: मला उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. ‘पाठीराखे’ चालेल का?

सांगलीकर: पाठीराखा पाठीशी उभा राहतो, पुरस्कर्ता पुढे करतो. दोन्ही एक नव्हेत. आणि माणदेशी, ‘सय्यदी’ अरबी धरायचं की फारसी?